‘गेला’ आणि ‘जात होता’ : इंग्रजीतील दोन भूतकाळांचा विचार

इंग्रजीत भूतकाळाची साधा आणि अपूर्ण अशी दोन रूपे आहेत, मराठीतही तशीच दोन रूपे आहेत, तेव्हा एकाच्या जागी दुसरे ठेवले की भाषांतर सिद्ध झाले, अशी एक समजूत आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘वेंट’ म्हणजे ‘गेला’ आणि ‘वॉज गोइंग’ म्हणजे ‘जात होता’, हे समीकरण फळ्यावर एका ओळीत मावते, विद्यार्थ्याच्या तोंडी चटकन बसते आणि परीक्षेत काही गुणही मिळवून देते. हे समीकरण कोठवर खरे आहे आणि कोठून पुढे फसवे ठरते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याची हानी इंग्रजीपुरतीच असती तर हा विषय परीक्षकांवर सोपवून साहित्यसंस्थेला स्वस्थ राहता आले असते. परंतु या समीकरणाने मराठी गद्याचीही एक जुनी मिळकत झिजत चालली आहे, आणि म्हणून त्याची चर्चा येथे करणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे वाटते.

समीकरणाची खरी बाजू प्रथम मान्य केली पाहिजे. ‘मुलगा दमणगंगेत बुडत होता’ आणि ‘मुलगा दमणगंगेत बुडाला’ या दोन वाक्यांत केवळ प्रत्ययाचा भेद नाही. पहिल्या वाक्यातील मुलगा अद्याप वाचू शकतो, दुसऱ्यातील वाचू शकत नाही. इंग्रजीतही ‘वॉज ड्राउनिंग’ आणि ‘ड्राउन्ड’ यांत नेमका हाच भेद आहे. कथनातही दोन्ही भाषा बरोबरीने चालतात. ‘पाऊस पडत होता, कंदील मिणमिणत होता, आणि दार वाजले’ असे सांगताना पहिल्या दोन क्रिया पडद्यासारख्या मागे उभ्या राहतात व तिसरी त्यांच्यापुढे घडते. इंग्रजी कथाकारही हेच करतो. मागचा देखावा अपूर्ण भूतकाळात आणि पुढची घटना साध्या भूतकाळात, ही वाटणी दोन्ही भाषांना सारखीच साधलेली आहे. आपल्या विद्यार्थ्याला येथे काही नवे शिकवावे लागत नाही. त्याच्या भाषेत जे आहे ते केवळ ओळखून द्यावे लागते.

या दोन रूपांमधील भेद मात्र काळाचा नाही, दृष्टीचा आहे, ही गोष्ट आपल्या वर्गांतून क्वचितच सांगितली जाते. अपूर्ण भूतकाळ म्हणजे पुष्कळ वेळ चाललेली क्रिया आणि साधा भूतकाळ म्हणजे झटकन संपलेली क्रिया, अशी व्याख्या अनेक मार्गदर्शक पुस्तकांतून आढळते. ती सर्वस्वी चुकीची आहे. आमच्या भागाचेच उदाहरण घ्यावे. नगर हवेलीवर पोर्तुगिजांचा अंमल १७८३ मध्ये बसला आणि १९५४ मध्ये उठला. ही एकशे एकाहत्तर वर्षे सांगताना इंग्रजी लेखक ‘रूल्ड’ हे साधे रूपच वापरील. कारण तो या अंमलाकडे आरंभ आणि शेवट यांसह, बाहेरून, एक आटोपलेली वस्तू म्हणून पाहतो. उलट, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले त्या क्षणी एखादा माणूस विडी पेटवीत असेल, तर त्या दोन पळांच्या क्रियेला अपूर्ण भूतकाळच लागेल. कारण त्या क्षणापुरते आपण त्या क्रियेच्या आत उभे असतो आणि तिचे दोन्ही काठ आपल्याला दिसत नाहीत. विद्यार्थी मात्र ‘पोर्तुगीज वेअर रूलिंग फ्रॉम सेव्हन्टीन एटीथ्री टु नाइन्टीन फिफ्टीफोर’ असे लिहितो, आणि तो असे का लिहितो हे उघड आहे: त्याच्या मराठी पुस्तकात ‘राज्य करीत होते’ असे आहे.

हे समीकरण रूढ कसे झाले, याचा इतिहास उद्बोधक आहे. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा आदर्श होता. मौज अशी की, १७९५ मध्ये निघालेल्या मरे यांच्या त्या व्याकरणात ‘लव्ह्ड’ या साध्या रूपालाच ‘अपूर्ण’ भूतकाळ असे लॅटिन वळणाचे नाव दिलेले आहे. म्हणजे ज्या भाषेकडे पाहून आपण आपले कोष्टक आखले, त्या भाषेतच ते कोष्टक तेव्हा स्थिर झालेले नव्हते. खुद्द इंग्रजी अपूर्ण भूतकाळही त्या सुमारास वाढीला लागलेला होता. ‘घर बांधले जात होते’ या अर्थाचे ‘वॉज बीइंग बिल्ट’ हे कर्मणी रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक इंग्रज पंडितांनी ते ओबडधोबड म्हणून नाकारले. जुने इंग्रज लेखक ‘द हाउस वॉज बिल्डिंग’ असेच लिहीत. सारांश, आपण जिला अचल समजून मोजपट्टी म्हणून हाती घेतले, ती इंग्रजी स्वतःच हलत होती.

पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजीच्या दारापर्यंत नेले. तिचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खेड्यातील ज्या मुलाच्या कानावर इंग्रजीचा एक शब्दही पडत नसे, त्याला त्या मालेने स्वतःच्या बळावर वाक्य रचण्याची हिंमत दिली. परंतु भाषांतराच्या मार्गाने भाषा शिकवण्यात एक अंगभूत धोका असतो: दोन भाषांतील रूपे समोरासमोर मांडली की ती समानार्थक आहेत असा भास उत्पन्न होतो. आता पाठ्यपुस्तके बदलली आहेत. तथापि मार्गदर्शके, शिकवणीवर्ग आणि शिक्षकांच्या सवयी यांतून तो भास जसाच्या तसा टिकून आहे.

या भासावरचा उतारा आपल्याच व्याकरणात होता, हे विशेष. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले, त्यात क्रियापदांच्या रूपांना काळांची नावे न देता ताख्यात, लाख्यात, ईआख्यात, चाख्यात अशी प्रत्ययांवरून नावे दिली आहेत. रूप आणि अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकच रूप निरनिराळे काळ दाखवू शकते, ही जाणीव या नावांच्या मुळाशी आहे. दारात उभा असलेला मुलगा आईला ‘हा आलोच’ असे सांगून उलट दिशेला पळत सुटतो, तेव्हा रूप भूताचे असते आणि अर्थ भविष्याचा. आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी दामल्यांची ही एक दृष्टी जरी उचलली असती, तरी पुढील तीन ठिकाणी होणारा घोटाळा टळला असता.

पहिले ठिकाण स्थितिवाचक क्रियापदांचे. ‘तो खुर्चीवर बसला होता’ याचे इंग्रजी ‘ही वॉज सिटिंग’ असे होते. परंतु समीकरणावर विसंबणारा विद्यार्थी ‘ही हॅड सॅट’ असे लिहितो. मराठीत ‘बसत होता’ म्हटले तर तो माणूस अजून खुर्चीवर टेकायचा आहे, किंवा त्या काळी तेथे बसण्याची त्याची वहिवाट होती, असा अर्थ होतो. बसणे, झोपणे, नेसणे, पांघरणे, टेकणे, लोंबणे या क्रियांत मराठी भाषा कृती संपून उरलेली स्थिती पाहते आणि तिला ‘-ला होता’ हे रूप देते. इंग्रजी भाषा त्याच स्थितीला चालू क्रिया मानते. ‘मुख्याध्यापक वर्गात आले तेव्हा मुले उभी राहिली’, ‘उभी राहत होती’ आणि ‘उभी होती’ ही तीन वाक्ये तीन निरनिराळी चित्रे आहेत, आणि त्यांतील तिसऱ्याचे इंग्रजी ‘वेअर स्टँडिंग’ असे होते, दुसऱ्याचे नव्हे. याच ‘-ला होता’ रूपाने मराठीत दूरचा भूतकाळही दाखवला जातो. ‘मी गेल्या वर्षी मुंबईला गेलो होतो’ हे शुद्ध मराठी आहे. त्याचे ‘हॅड गॉन’ केले की ते अशुद्ध इंग्रजी होते, कारण तेथे ‘वेंट’ पुरेसे असते.

दुसरे ठिकाण मनोव्यापारांचे. ‘मी त्याला ओळखत होतो’, ‘मला वाटत होते’, ‘त्याला काही समजत नव्हते’ ही नित्याची मराठी वाक्ये आहेत. त्यांतील ‘-त होतो’ पाहून विद्यार्थी ‘आय वॉज नोइंग हिम’ असे लिहितो आणि लाल शाईचा धनी होतो. इंग्रजीच्या दृष्टीने ओळखणे ही घडणारी क्रिया नसून असणारी अवस्था आहे. तिला आत शिरून पाहण्याजोगे आरंभ-मध्य-अंत असे टप्पे नाहीत, म्हणून तेथे ‘न्यू’ हे साधे रूपच चालते. याचे कारण सांगितले तर चौदा वर्षांच्या मुलाला ते समजते. कारण न सांगता ‘असे लिहीत नाहीत’ एवढेच बजावले, तर तो इंग्रजीला लहरी समजू लागतो, आणि लहरी मालकाशी चाकर जसा वागतो तसा तिच्याशी वागतो: घाबरून आणि अंदाजाने.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे ठिकाण सवयीच्या भूतकाळाचे. ‘मी रोज चार मैल चालत शाळेला जात होतो’ याचे विद्यार्थी ‘आय वॉज गोइंग’ करतो. इंग्रजीला तेथे ‘वेंट’, ‘यूज्ड टु गो’ किंवा ‘वुड गो’ हवे असते. अपूर्ण रूप तेथे अगदीच वर्ज्य आहे असे नाही. तात्पुरत्या सवयीसाठी, किंवा ‘ऑलवेज’ची जोड देऊन त्रासिक सूर काढण्यासाठी, इंग्रज ते वापरतो, पण तो अपवाद झाला. या चुकीचे मूळ कळण्यासाठी आमच्या भागातील भाषांचे चित्र पाहणे उपयोगी पडेल. गुजरातीत ‘हुं जतो हतो’ या एकाच रूपाने ‘मी त्या वेळी जात होतो’ आणि ‘मी नेहमी जात असे’ असे दोन्ही अर्थ निघतात. १९५४ पूर्वी येथे जी राज्यकर्त्यांची भाषा होती त्या पोर्तुगिजीतही ‘फालेई’ म्हणजे ‘बोललो’, आणि ‘फालाव्हा’ म्हणजे ‘बोलत होतो’ व ‘बोलत असे’ हे दोन्ही. हिंदीने मात्र ‘जा रहा था’ आणि ‘जाता था’ अशी स्वच्छ फाळणी केली आहे. मराठीत ‘जात होतो’ दोन्हीकडे चालते. परंतु केवळ सवयीसाठी तिच्यापाशी ‘जात असे’, ‘जाई’ आणि बोलण्यातले ‘जायचो’ अशी आणखी तीन रूपे आहेत. सिल्वाशातील शाळकरी मुलाच्या कानावर घरी वारली किंवा धोडिया, बाजारात गुजराती, कारखान्याच्या फाटकाशी हिंदी आणि वर्गात मराठी पडते. अशा मुलाच्या हाती ‘वॉज गोइंग म्हणजे जात होतो’ एवढेच सूत्र देणे म्हणजे पाच वाटांच्या नाक्यावर एकाच वाटेची पाटी लावण्यासारखे आहे.

या चुकीची थट्टा आपल्या साहित्यातही झालेली आहे. निस्सीम इझिकेल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही इंग्रजी कविता प्रसिद्ध आहे. ठायी ठायी ‘-इंग’ लावणाऱ्या भारतीय इंग्रजीवर तिचा सारा विनोद उभा आहे. तिच्यात वर्तमानकाळाची रूपे आहेत, परंतु रोग तोच. इझिकेल हे बेने इस्राएल समाजातले, आणि त्या समाजाची परंपरागत घरभाषा मराठी. म्हणजे ज्या क्रियापदाच्या घडणीतून ही चूक जन्मते, ती घडण कवीला परकी नव्हती. कवीला हसण्याचा अधिकार आहे आणि ती कविता निव्वळ उपहासाची नाही, तिच्यात ममताही आहे. शिक्षकाला मात्र हसून थांबता येत नाही. ज्याला आपण अज्ञान म्हणतो ते पुष्कळदा दुसऱ्या एका भाषेचे ज्ञान असते, केवळ चुकीच्या जागी लावलेले, हे त्याने ओळखले पाहिजे.

एकदा घडलेले आणि नेहमी घडत असलेले यांतील भेद हा व्याकरणाचा किरकोळ कीस आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने आमच्याच भूमीविषयीचा हेगचा निकाल आठवावा. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या भागात येण्यासाठी भारताच्या मुलखातून जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा सव्वाशेहून अधिक वर्षे अखंडपणे व एकाच रीतीने चालत आली होती, म्हणून तेवढ्यापुरता हक्क १९५४ मध्ये अस्तित्वात होता, असे न्यायालयाने मानले. सशस्त्र सैन्य, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा यांच्याबाबतीत मात्र तसा हक्क नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय झाला. सैन्य कधी गेलेच नव्हते असे नाही. परंतु परवानगी मागून जाणे ही हक्काची वहिवाट नव्हे. मराठीच्या भाषेत बोलायचे तर, माणसे आणि माल ‘जात असत’. सैन्य वेळोवेळी ‘गेले’. शंभर वेळा ‘गेले’ म्हटले तरी त्याचे ‘जात असत’ होत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील वादात हक्क कोणता आणि सवलत कोणती हे जेथे अशा भेदावर ठरते, तेथे तो भेद मुलांना नीट शिकवण्याची जबाबदारी हलकी मानता येणार नाही.

आता मराठीच्या हानीकडे वळू. ‘करी’, ‘जाई’, ‘म्हणे’ ही आपली रीतिभूताची रूपे मुळात जुन्या वर्तमानकाळाची आहेत. ज्ञानेश्वरीत ती वर्तमानार्थाने येतात. पुढे वर्तमानासाठी ‘करतो’, ‘जातो’ रूढ झाले आणि ही जुनी रूपे सवयीच्या भूतकाळाकडे सरकली. भाषेने एक जुना दागिना मोडीत न काढता नव्या घडणीत बसवला, असे म्हणता येईल. त्याचा उपयोग पाहायचा असेल तर १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली साने गुरुजींची ‘श्यामची आई’ उघडावी. तेथे आई काय ‘करी’ आणि काय ‘म्हणे’ हे सांगणारी रूपे जो परिणाम साधतात, तो ‘करत होती’ने साधणार नाही. ‘करत होती’ म्हणजे एका दिवसाचे दृश्य. ‘करी’ म्हणजे तिचा स्वभाव. एका प्रत्ययात लेखक आईचे सारे आयुष्य सांगून जातो.

आज इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या अनुवादांत, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे रूप दुर्मिळ झाले आहे. इंग्रजी ‘वुड गो’ दिसले की अनुवादक ‘जाईल’कडे चुकतो किंवा ‘जात होता’वर समाधान मानतो, ‘जाई’ त्याला आठवत नाही. परिच्छेदच्या परिच्छेद ‘होता, होती, होते’ने संपतात, आणि आठवण, देखावा व स्वभाव या तिन्हींचा रंग एकच होऊन जातो. बोलीत ‘जायचो’ जिवंत आहे ही समाधानाची गोष्ट; परंतु त्यालाही ग्रांथिक लेखनात अद्याप संकोचानेच प्रवेश मिळतो. म्हणजे जुने रूप हातचे सुटत आहे आणि नव्याला दाराबाहेर उभे केले आहे. हे केवळ इंग्रजीच्या सावलीमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भाषा आपल्या वाटेनेही बदलत असतात. परंतु दोनच खाने असलेले कोष्टक बालपणापासून समोर ठेवल्याने तिसऱ्या खान्यातील वस्तू दिसेनाशी होते, यात शंका नाही.

मग शिकवावे कसे? रूपावरून आरंभ न करता दृष्टीवरून करावा. आमच्याकडील मुलांना वारली चित्रे परिचित असतात. त्यांचा येथे उत्तम उपयोग होतो. तारपा वाजतो आहे, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर धरलेला आहे, एका बाजूला कोणी भात कांडते आहे, झाडावर पाखरे आहेत: अशा चित्रात आधी आणि नंतर नसते, सारे एकाच वेळी चाललेले असते. ‘तुम्ही तेथे गेलात तेव्हा काय दिसले?’ असे विचारून या चित्राचे वर्णन करावयास लावले की ‘वॉज डान्सिंग’, ‘वॉज पाउंडिंग’ ही रूपे आपोआप येतात. नंतर त्याच लग्नाची हकीकत क्रमाने सांगण्यास सांगावे. वऱ्हाड आले, चौक लिहिला, नाच झाला, पाहुणे परतले. तेथे साधा भूतकाळ हटकून येतो. शेवटी, ‘तुमच्या आजीच्या वेळी लग्ने कशी होत?’ असा प्रश्न टाकावा. म्हणजे ‘यूज्ड टु’ची जागा कळते आणि त्याच क्षणी मराठीतल्या ‘होत असत’चीही. चित्र, हकीकत आणि वहिवाट हे तीन शब्द मुलाच्या मनात ठसले, तर कोष्टकाची गरज उरत नाही.

या पद्धतीत मराठी ही अडचण न राहता साधन होते, हा तिचा मोठा गुण आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘राम आंबा खात होता’ या दोन वाक्यांत कर्त्याची विभक्ती बदलते, क्रियापद एकदा आंब्याच्या मागे जाते आणि एकदा रामाच्या. एका भूतकाळातून दुसऱ्यात जाताना सारे वाक्य नव्याने रचण्याचे हे कौशल्य मराठी मूल पाचव्या वर्षीच आत्मसात करते. इतक्या बारकाव्यांची भाषा बोलणाऱ्या मुलाला ‘सॅट’ आणि ‘वॉज सिटिंग’ समजणार नाही, असे मानणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

इंग्रजी चांगले यावे म्हणून मराठीकडे दुर्लक्ष करावे लागते, असे एक मत आज पालकांतच नव्हे तर शिक्षकांतही बळावत आहे. वरील विवेचनावरून त्याच्या उलट निष्कर्ष निघतो. ज्याला ‘जाई’, ‘जात असे’, ‘जात होता’ आणि ‘गेला’ यांतील अंतर कळते, त्याच्यापुढे इंग्रजीचे दोन भूतकाळ ठेवले तर तो त्यांची जागा नेमकी ओळखील. ज्याने ते अंतर गमावले आहे, त्याला दोन्ही भाषांत एकच धुरकट भूतकाळ दिसेल. तेव्हा इंग्रजीच्या तासाची खरी तयारी मराठीच्या तासाला होते, आणि तेथे आपण काय शिकवतो याचा हिशेब शिक्षकांनी व साहित्यसंस्थांनी मिळून मांडला पाहिजे.